अन्नवस्त्र आणि वाटा

नागपूरहून उत्तरेस निघालेली आगगाडी काटोल, नरखेड ही स्थानके मागे टाकून पांढुर्ण्यास पोहोचते, तेव्हा प्रवाशाने महाराष्ट्राची हद्द ओलांडलेली असते; परंतु फलाटावरचे बोलणे ऐकून ते त्याच्या ध्यानी येत नाही. पांढुर्णा आणि त्याच्या पूर्वेचे सौंसर हे दोन्ही तालुके मध्य प्रदेशात असले, तरी तेथील घरांत बोलली जाते ती वऱ्हाड-नागपूरकडची मराठी. छिंदवाड्याचा पुष्कळसा मुलूख सातपुड्याच्या पठारावर आहे. हे तालुके मात्र घाट उतरल्यावर लागणाऱ्या काळ्या जमिनीत, कापसाच्या आणि संत्र्यांच्या प्रदेशात मोडतात. जुन्या दप्तरांत या पट्ट्यास 'जेरघाट', म्हणजे घाटाखालचा मुलूख, असे म्हटलेले आढळते. देवगडचे गोंड राजे, त्यांच्यामागून नागपूरकर भोसले, १८५३ नंतर इंग्रज, असा या भागाचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगता येतो, आणि आमच्या आजच्या विषयास तो तेवढा पुरेसा आहे.

आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते निराळेच. या मुलखात, आणि त्याच्यासारख्या इतर मराठी मुलखांत, जन्मांध, मुक्या, पांगळ्या किंवा मंदबुद्धीच्या मुलाचे घरात, गावात आणि कायद्यात स्थान काय होते, आणि ते कसकसे पालटत गेले? जुन्या काळाविषयी लिहिताना आम्ही जुनेच शब्द ठेवले आहेत. ते आज अनुचित ठरले आहेत, हे आम्ही जाणतो. पण 'दिव्यांग' हा शब्द मागच्या शतकांवर चिकटविला, तर त्या शतकांत काय घडत होते ते झाकले जाईल.

धर्मशास्त्रात या मुलांविषयी दोन शब्द आहेत. एक 'निरंशक' आणि दुसरा 'भर्तव्य'. निरंशक म्हणजे ज्यास वडिलार्जित मालमत्तेत अंश नाही तो. भर्तव्य म्हणजे ज्याचे भरणपोषण इतरांनी केलेच पाहिजे तो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आंधळा, बहिरा, मुका, वेडा, जड, पंगू इत्यादिकांची यादी येते, आणि या दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगितल्या जातात: यांना वाटा नाही, यांना पोसा. न पोसणाऱ्यास पातकाचे भय घातले आहे. शास्त्रकारांवर निष्ठुरतेचा आरोप करणाऱ्यांनी हा उत्तरार्ध विसरू नये. तसेच शास्त्रकारांची बाजू घेणाऱ्यांनी पूर्वार्ध विसरू नये. वकिलीच्या धंद्यामुळे असेल, पण आमचे लक्ष पूर्वार्धाकडेच अधिक जाते.

कल्याणीच्या चालुक्य राजसभेतील विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर जी मिताक्षरा लिहिली, तीच पुढे नागपूर-वऱ्हाडासह सर्व महाराष्ट्रात वाटणीच्या बाबतीत प्रमाण मानली गेली. विज्ञानेश्वराने हा कठोर नियम पुष्कळसा मऊ केला. वाटणीच्या वेळी दोष असेल तरच वाटा जातो. एकदा वाटा मिळाल्यावर पुढे दोष उत्पन्न झाला तर तो काढून घेता येत नाही. उलट, वाटणीनंतर औषधोपचाराने दोष गेला, तर त्या मनुष्यास त्याचा वाटा परत द्यावा. निरंशकाचा मुलगा निर्दोष असेल तर आजोबांच्या मालमत्तेत त्याचा हक्क अबाधित राहतो. मुलींच्या लग्नापर्यंतचा भार कुटुंबाने उचलावा. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले: आंधळेपणा किंवा मुकेपणा जन्मापासूनचा आणि न बरा होणारा आहे हे सिद्ध झाल्याखेरीज वाटा नाकारता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. म्हणजे देवी येऊन डोळे गेलेल्या मुलास वाटा मिळाला, आणि डोळ्यांविना जन्मलेल्यास मिळाला नाही. दोघांच्या अंधारात फरक तो काय, हे न्यायशास्त्राला सांगता आले असेल. त्या दोघांच्या आयांना सांगता आले असते असे आम्हांस वाटत नाही.

वाटा म्हणजे केवळ चार एकर काळी जमीन नव्हे, हे आमच्या वाचकांस तरी समजावून सांगण्याचे कारण नाही. देवस्थानातील महाजनकी, उत्सवातील मान, पालखीपुढे उभे राहण्याचा क्रम, यांच्याशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला आहे, त्यांना वाटा आणि पत यांचे नाते ठाऊक आहे. कोंकणीत ज्याला 'वांटो' म्हणतात, तो हातात असला की मनुष्य भावांच्या पंक्तीत बसतो. अन्नवस्त्र ज्यास मिळते तो पंक्ती उठल्यावर जेवतो. जुनी वाटणीपत्रे वाचण्याचे काम आम्हांस पडत आले आहे. त्यांत शेतांची, बैलांची, विहिरीतल्या पाण्याच्या पाळीची तपशीलवार वाटणी होते, आणि शेवटी कोठेतरी एक कलम असते की अमक्याच्या अन्नवस्त्राची व्यवस्था थोरल्याने पाहावी. कित्येकदा त्या 'अमक्या'चे वय लिहिलेले नसते. एखाद्या कागदात त्याचे नावही पुरते नसते, घरात हाक मारण्याचे नावच उतरवलेले असते.

गोमंतकीय वाचकांस हा प्रकार थोडा परका वाटेल. तेथे १८७० पासून पोर्तुगीज दिवाणी संहिता लागू झाली आणि आईबापांच्या मालमत्तेत अपत्यांसाठी जो राखीव भाग ठेवलेला असतो, तो अपत्याच्या डोळ्याकानांवर अवलंबून राहिला नाही. अशा मुलाच्या व्यवहारांवर पालक नेमण्याची तरतूद तेवढी तीत होती. मांडवीच्या काठचे आंधळे मूल आणि जाम नदीच्या काठचे आंधळे मूल, दोघेही हिंदू, दोघेही एकाच मराठी-कोंकणी संस्कारातले. पण एकाला वाटा आणि दुसऱ्याला भाकर, असा भेद त्यामुळे पडला.

परंतु समाज केवळ शास्त्राने चालत नाही. पांढुर्ण्याहून दक्षिणेकडे वरूड ओलांडून मोर्शी तालुक्यात शिरले की ऋद्धिपूर लागते. तेराव्या शतकात येथे श्रीगोविंदप्रभू राहत होते. महानुभाव पंथीयांच्या दृष्टीने ते ईश्वराचे अवतार आणि श्रीचक्रधरांचे गुरू. लहानपणीच आईबाप गेले, मावशीने सांभाळले. पुढे गावातल्या लोकांनी त्यांना वेडे ठरविले. कोणाच्याही घरात शिरावे, हवे ते उचलून खावे, रुसावे, हसावे, ज्यांच्या घरी कोणी जात नसे त्यांच्याही घरी जावे, असे त्यांचे वर्तन होते. त्यांचे चरित्र हा मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक ग्रंथ आहे. त्यात आम्हांस विशेष वाटते ते असे, की ज्या गावाने त्यांना वेडे म्हटले, त्याच गावाने त्यांना आई आणि बापही म्हटले. त्यांना कोणी कोंडले नाही, साखळीने बांधले नाही, गावाबाहेर सोडून दिले नाही. त्यांच्या लहरींसाठी घरोघरचे दार उघडे राहिले. अवतार आणि वेड यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण इतरांहून निराळे वागणाऱ्या मनुष्यास गावाने आपल्या मध्यभागी कसे ठेवावे, याचे वर्णन आपल्या भाषेला तिच्या बालपणातच लाभले आहे, आणि तेही याच परिसरातून लाभले आहे. मराठी भाषेचे विद्यापीठ अलीकडे ऋद्धिपुरास स्थापन झाले ते योग्यच झाले.

आता कायद्याकडे पुन्हा वळू. १९२८ हे साल या विषयात फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने हिंदू वारसातील अपात्रता दूर करणारा कायदा केला. रोग, व्यंग किंवा शारीरिक वा मानसिक दोष एवढ्याच कारणास्तव कोणाही हिंदूस वारसा अथवा एकत्र कुटुंबातील वाटा नाकारता येणार नाही, असे तो सांगतो. दायभाग मानणाऱ्या बंगाल्यांना तो लागू नव्हता; मिताक्षरा मानणाऱ्या आपल्या लोकांना होता. दोन हजार वर्षांचा 'निरंशक' शब्द एका कलमाने पुसला गेला. मात्र पुरता नव्हे. जन्मापासून वेडे अथवा मंदमती असलेल्यांना त्या कायद्याने बाहेरच ठेवले. आंधळ्याला आत घेतले, पांगळ्याला आत घेतले, आणि ज्याला स्वतःसाठी भांडणेच शक्य नाही त्याला उंबऱ्यावर उभे केले. ते राहिलेले काम १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने, निदान वारसाच्या बाबतीत, पुरे केले.

त्याच १९२८ सालात मध्य प्रांताच्या कायदेमंडळाने मुलांविषयीचा कायदा केला. मद्रासने १९२०, बंगालने १९२२ आणि मुंबईने १९२४ मध्ये जे केले होते, तेच नागपूरने चार वर्षांनी केले. निराश्रित मूल, भीक मागायला लावलेले मूल, गुन्ह्यात सापडलेले मूल, यांना तुरुंगात न घालता सरकारने त्यांचा सांभाळ करावा, ही त्यामागची कल्पना. या दोन कायद्यांच्या कर्त्यांनी एकमेकांचा विचार केला असेल असे दिसत नाही. एकाने घर असलेल्या मुलाला वाटा दिला. दुसऱ्याने घर नसलेल्या मुलास आसरा दिला. घरही नाही आणि देहही धड नाही, असे जे मूल, त्याच्याकडे दोघांनीही पाहिले नाही. त्याच्याकडे पाहण्यास आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

त्याला मोजणेही मध्यंतरी थांबले. १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत आंधळे, मुकेबहिरे, वेडे आणि महारोगी यांची जिल्हावार नोंद होत असे, छिंदवाड्याचीही झाली. १९४१ पासून ती नोंद सोडून देण्यात आली. १९८१ चा एक अपुरा प्रयत्न वगळला, तर २००१ पर्यंत देशात अशी माणसे किती आहेत हे खानेसुमारीस ठाऊक नव्हते. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांनी भाषा मोजली, लोकसंख्या मोजली. या मुलांचा आकडा कोणाच्याही टेबलावर नव्हता.

राज्यपुनर्रचना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदी, म्हणून त्यातील मराठी तालुकेही जिल्ह्याबरोबर राहिले. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्यांची राजधानी नागपूर जाऊन भोपाळ झाली. या निर्णयाचे राजकीय गुणदोष आम्ही येथे काढीत नाही. त्याचा आमच्या विषयाशी असलेला संबंध राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. तेथील राज्यसूचीच्या नवव्या नोंदीत अपंग आणि कामास असमर्थ अशांना साहाय्य करणे हा विषय राज्यांकडे सोपविलेला आहे. सातवी नोंद तीर्थयात्रांची, आठवी मद्याची, नववी अपंगांची आणि दहावी स्मशानांची. क्रम योगायोगाचा असेल, पण अभ्यासकाने एकदा तो डोळ्यांखालून घालावा. या नोंदीचा व्यवहारातील अर्थ असा, की पांगळ्या मुलाचे निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, वसतिगृह ही राज्याची कामे ठरली. आणि ज्यांची आजोळे, सोयरिकी, दवाखाने आणि बाजार नागपूरकडे, त्या मुलांची कागदपत्रे भोपाळच्या नावाने निघू लागली.

त्याच दिवशी अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने एक चांगली गोष्टही केली. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी, असा तीनशे पन्नास-अ हा अनुच्छेद तीत आला. सौंसरच्या मराठी मुलासाठी हे कवच होते. परंतु बहिऱ्या मुलाची मातृभाषा कोणती? ओठांवरून भाषा वाचावयास शिकणाऱ्या मुलाची आई घरी 'भाकर' म्हणते आणि शिक्षक 'रोटी' म्हणतात. ऐकू येणारे मूल महिन्याभरात दोन्ही शब्द उचलते आणि दोन्ही भाषांत भांडूही लागते. बहिऱ्या मुलास प्रत्येक वस्तू दोनदा, दोन निराळ्या ओठांच्या आकारांत शिकावी लागते. आणि जो आकार शाळेत शिकविला, तो घरी कोणाच्याच ओठांवर येत नाही. अनुच्छेद लिहिणाऱ्यांच्या मनात हे मूल नव्हते. खुणांच्या भाषेस शाळेत स्थान देणारा कायदा २०१६ मध्ये झाला.

शाळांचा इतिहास आम्ही विस्ताराने सांगत नाही, कारण या तालुक्यांच्या दृष्टीने तो बराच काळ दूरचाच राहिला. मुंबईत मुक्याबहिऱ्यांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली, व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा १९०२ मध्ये. पुढे नागपुरासही अंध विद्यालय झाले. घाटाखालच्या शेतकऱ्याला नागपूर गाठणे शक्य होते. पण आंधळ्या मुलीस नागपुरास ठेवण्याइतका धीर आणि पैसा किती घरांत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता घर नसलेल्या मुलाकडे येऊ. या बाबतीत महाराष्ट्राने आरंभ लवकर केला, आणि तो दोन अगदी वेगळ्या ठिकाणी केला. १८६३ मध्ये पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथेच जन्मलेल्या यशवंतास पुढे दत्तक घेऊन आपले नाव दिले. १८७५ मध्ये पंढरपुरात, विठ्ठलाच्या नगरीत, लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातील गुजराती गृहस्थाच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजीयांनी अनाथ बालकाश्रम सुरू केला. वारीच्या गर्दीत आणि चंद्रभागेच्या वाळवंटात सोडून दिलेली अर्भके तेथे वाढली. पंढरपूर निवडले गेले याचे कारण उघड आहे: ज्यांना मूल टाकावयाचे असे, त्याही देवाच्या दारीच टाकीत. त्या मातांचा देवावरचा विश्वास समाजावरच्या विश्वासापेक्षा अधिक होता, आणि त्यांचा अंदाज चुकला नाही.

देवाच्या दारी दिसणारे पांगळे मूल मात्र बहुधा भीक मागताना दिसे. भिकेसाठी मुलांना पळविणे आणि त्यांचे हातपाय मोडणे हा प्रकार इतका वाढला होता, की १९५९ मध्ये दंडसंहितेत त्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले. आजच्या न्यायसंहितेतही ते एकशे एकोणचाळीसावे कलम म्हणून आहे. गाडगेबाबांनी याच विषयाला दुसऱ्या टोकाने हात घातला. पूर्णेकाठच्या ऋणमोचनाच्या यात्रेत आंधळ्यापांगळ्यांना अन्न आणि वस्त्र देण्याचा परिपाठ त्यांनी पाडला. हे शास्त्रातले अन्नवस्त्रच. पण ते देणारा पुरुष स्वतः फुटके मडके आणि चिंध्या घेऊन त्यांच्याच रांगेत बसत असे, आणि उरलेला वेळ धर्मशाळा व शाळा उभारण्यात घालवीत असे.

त्यांचाच वारसा सांगणारे शंकरबाबा पापळकर यांचे कार्य आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण आहे. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, पांढुर्ण्यामागे जो सातपुडा आहे त्याच्याच पायथ्याशी वझ्झर नावाचे खेडे आहे. शंकरबाबा आधी पत्रकार होते. 'देवकीनंदन गोपाला' हे नियतकालिक ते चालवीत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी वझ्झरला अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने मतिमंद, मूकबधिर आणि बेवारस मुलांचे बालगृह काढले. रेल्वे फलाटांवर, बसस्थानकांवर, उकिरड्यांत सापडलेली मुले पोलिसांकडून आणि बालकल्याण समित्यांकडून तेथे येत गेली. अशा १२३ मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांचे नाव म्हणून शंकरबाबांनी स्वतःचे नाव लावले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्या एका दृष्टिहीन कन्येने, जी अर्भकावस्थेत जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडली होती, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली.

या नावाचे महत्त्व कायद्याच्या माणसास चटकन कळते. बापाचे नाव नाही म्हणजे जातीचा दाखला अडतो, शाळेतला रकाना रिकामा राहतो, लग्नाच्या वेळी बोलणी कोणी करावयाची हा प्रश्न येतो. वझ्झरच्या मुलांची लग्ने झाली. २०२० च्या डिसेंबरात नागपुरास झालेल्या अशा एका लग्नात राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कन्यादान केले आणि नागपूरचे जिल्हाधिकारी वरपिता म्हणून उभे राहिले; वधू आणि वर दोघेही मूकबधिर. ही समारंभाची शोभा होती असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. जुन्या वाटणीपत्रात ज्याचे नाव पुरते लिहिले जात नव्हते, त्याच्या नावाने मांडव पडला आणि त्याच्या बाजूने राज्य उभे राहिले.

शंकरबाबांची एक मागणी कित्येक वर्षांपासूनची आहे. मुलांविषयीच्या कायद्यात अठराव्या वर्षी बालपण संपते. त्यानंतर बालगृहात राहता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत काही साहाय्याची सोय ठेवली आहे. परंतु ज्याची बुद्धी पाच वर्षांच्या मुलाची आहे, तो अठराव्या वाढदिवसास कोठे जावा? घर नाही म्हणून तर तो आला. अशांना त्याच संस्थेत जन्मभर राहू देणारा कायदा करावा, असे ते म्हणत आले. १९२८ च्या कायद्याने ज्या मुलाला उंबऱ्यावर ठेवले, तेच हे मूल आहे. आता त्याचा उंबरा बदलला एवढेच.

येथे देवस्थानांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. सौंसरजवळ जामसावळी येथे मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. मूर्ती निद्रिस्त आहे. मनोविकाराने ग्रासलेल्या माणसांना, 'बाधा' झाली असे ज्यांच्याविषयी समजले जाते त्यांना, कुटुंबीय दूरदूरहून तेथे घेऊन येतात आणि कित्येक दिवस राहतात. त्या श्रद्धेची टवाळी आम्ही करणार नाही. वेड्या मुलाला घेऊन जेथे निःसंकोचपणे उघड्यावर बसता येते, अशी स्थळे आपल्या देशात थोडी आहेत. तथापि श्रद्धास्थानांच्या आसपास काय होऊ शकते, तेही ठाऊक असावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानास आग लागून साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. त्याच तमिळनाडूत, तिरुचिरापल्लीजवळ गुणशीलमच्या विष्णुमंदिराशी निगडित असे शासनमान्य मनोरुग्ण पुनर्वसन केंद्र चालते. देवाचा अंगारा आणि वैद्याची गोळी यांचे तेथे भांडण झाले नाही. आपल्याकडील विश्वस्तांनी तेथे जाऊन ते पाहून यावे असे आम्ही सुचवितो.

आता पांढुर्ण्याच्या गोटमारीविषयी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. झाड चंडीमातेस अर्पण होते. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात, मृत्यूही झालेले आहेत. त्याच दिवशी सीमेपलीकडे नागपुरात तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात आणि दारोदार बोजारा मिळवितात. एकाच सणाचा दुसरा दिवस, एका काठावर माणसांना पंगू करणारा आणि दुसऱ्या काठावर मुलांचा. तान्ह्या पोळ्याच्या त्या रांगेत चाकांच्या खुर्चीवरचे मूल आपला बैल घेऊन उभे असते काय, हे पाहण्यास सरकारी परवानगीची गरज नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. १९५६ मध्ये ज्या जिल्ह्याच्या घटकतत्त्वामुळे हे तालुके मागे राहिले, ते तत्त्व आता त्यांच्या बाजूने लागू होते, आणि हा मुद्दा अद्याप पुरेसा कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. बालन्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यासाठी बालकल्याण समिती असावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, ज्यात एकवीस प्रकारची व्यंगे मान्य केली आहेत आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जिल्हास्तरीय समिती असावी लागते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघाताने पीडित, मतिमंद आणि बहुविध व्यंगे असलेल्या माणसांसाठी पालक नेमण्याचे काम स्थानिक समितीकडे आहे. तीवर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती असते. या तिसऱ्या सभासदाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अन्नवस्त्राचा निर्णय आजवर इतरांनी केला. या समितीत तो करणाऱ्यांत आता त्यांच्यातला एक बसतो.

आईबाप हयात असतानाच पालक नेमण्यासाठी या समितीकडे अर्ज करता येतो. त्यास वकील लागत नाही. अर्ज मराठीत लिहिला तर तो घेतला जाईल काय, असा प्रश्न सौंसरकडील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारला. त्यांचा मुलगा चाळिशीचा आहे आणि त्याला स्वतःचे जेवण वाढून घेता येत नाही. अर्जदाराने आपले गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडावे, हा हक्क राज्यघटनेच्या तीनशे पन्नासाव्या अनुच्छेदाने दिलेला आहे, असे आम्ही त्यांना कळविले आणि अनुच्छेदाची नक्कल पत्रासोबत जोडली.